ताप उतरायचा, पुन्हा चढायचा

नागपुरात कोणालाही ‘मेडिकल कुठे आहे’ असे विचारा, तो औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवणार नाही. मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे अवाढव्य रुग्णालय. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, शेजारच्या मध्य प्रदेशातले बालाघाट, शिवनी, अशा सगळ्या मुलखातला माणूस गावात बरा झाला नाही की एसटी धरून इथेच येतो. व्हरांड्यात वळकट्या आणि डबे घेऊन बसलेले नातेवाईक, हातात एक्स-रेची मोठी पाकिटे आणि ओळीने लावलेल्या खाटा. इथल्या डॉक्टरांनी बघितला नाही असा ताप नसेल, असे म्हणायला हरकत नाही.

२००४ साली त्यांनी न बघितलेला ताप आला.

रुग्ण चंद्रपूर जिल्ह्यातला ४५ वर्षांचा शेतकरी होता. ताप चढायचा, काही दिवसांनी आपोआप उतरायचा, माणूस जरा उठून बसला की पुन्हा चढायचा. पूर्व विदर्भात अशी ये-जा करणारा ताप म्हटला की पहिला संशय हिवतापावर जातो. इथल्या आरोग्य सेवकाचा हात बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायला इतका सरावलेला असतो की रुग्णाचे सांगणे पुरे होण्याआधी काच तयार असते. हिवतापाचा जंतू लाल पेशीच्या पोटात दडून बसतो, म्हणून तपासणाऱ्याची नजर पेशींच्या आत शोधत असते. या शेतकऱ्याच्या रक्तात जे दिसले ते पेशींच्या बाहेर होते. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, एका कडेने लाटेसारखी झालर आणि पुढे चाबकासारखी शेपटी. लाल पेशीच्या रुंदीच्या तिपटीहून लांब. रंगवलेल्या काचेवर ते निपचित पडलेले दिसतात. ताज्या रक्ताच्या थेंबात मात्र ते सारखे वळवळत असतात, आणि आजूबाजूच्या लाल पेशींना असे धक्के देतात की आधी पेशींची हालचाल दिसते आणि मग त्यांना ढकलणारा दिसतो.

हा ट्रिपॅनोसोमा होता. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तो तिथे असायला नको होता.

माणसाला होणारा ट्रिपॅनोसोमाचा आजार वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. त्याचे नाव निद्रारोग, आणि तो आफ्रिकेत होतो, कारण तो पसरवणारी त्सेत्से माशी सहाराच्या दक्षिणेला राहते. भारतात ही माशी नाही. चंद्रपूरच्या शेतकऱ्याला आफ्रिकेतला जंतू देणार कोण? दुसरा ट्रिपॅनोसोमा अमेरिका खंडातला, तोही इकडे नाही. मग उरतो तिसरा, जो विदर्भातल्या कोणत्याही पशुवैद्याच्या ओळखीचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. त्याच्यामुळे जनावरांना जो आजार होतो त्याला सर्रा म्हणतात. घोडा आणि उंट सर्ऱ्याने खंगत जाऊन मरतात, कुत्र्याचे डोळे पांढरे पडतात, गाई-म्हशी मात्र बहुधा तो अंगावर काढतात आणि वरवर ठणठणीत दिसत राहतात. २००० सालच्या जुलैत ओडिशाच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ काही दिवसांत मेले, ते याच जंतूमुळे. पण माणसाला सर्रा होत नाही, असे सव्वाशे वर्षे मानले गेले होते आणि ते मानण्याला भक्कम आधारही होता.

या सव्वाशे वर्षांची सुरुवात हिंदुस्थानातच झाली. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स हा वेल्समधून आलेला लष्करी पशुवैद्य पंजाबच्या डेरा इस्माईल खान भागात घोडे आणि उंट का मरतात ते शोधायला गेला. मेलेल्या नव्हे, जिवंत आजारी घोड्यांचे रक्त त्याने सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. हेच रोगाचे कारण आहे, असे त्याने ठामपणे लिहिले. त्या काळी असे जीव रक्तात असले तरी निरुपद्रवी असतात, असे कलकत्त्यातले जाणकार समजत होते, कारण तिथल्या उंदरांच्या रक्तात टिमोथी लुईस यांनी तसेच जीव पाहिले होते आणि उंदीर मजेत होते. इव्हान्सचे म्हणणे वरच्या लोकांनी मान्य केले नाही. ट्रिपॅनोसोमा रोग घडवतो हे जगात प्रथम दाखवणारा माणूस असा बाजूला पडला. पाच वर्षांनी जे. एच. स्टील या दुसऱ्या पशुवैद्याने ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये हाच जीव पाहून त्याला इव्हान्सचे नाव दिले. हे स्टील म्हणजे १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. इव्हान्स स्वतः पुरी शंभर वर्षे जगला, १९३५ मध्ये गेला, आणि आपण बरोबर होतो हे जगाने मान्य केलेले त्याला बघायला मिळाले.

सर्ऱ्याचा जंतू आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या जंतूचा सख्खा नातेवाईक आहे. पूर्वी कधीतरी त्याने त्सेत्से माशीची संगत सोडली. माशीच्या पोटात वाढण्यासाठी लागणारे जनुकीय सामान त्याने गमावले आणि त्या बदल्यात त्याला जग मोकळे झाले. आता त्याला ठरावीक माशी लागत नाही. पावसाळ्यात गोठ्यात घोंघावणारी गोमाशी एका म्हशीला चावते, म्हैस शेपटीने झटकते, अर्धवट राहिलेले जेवण पुरे करायला गोमाशी शेजारच्या बैलावर जाते आणि तिच्या तोंडाला लागलेल्या रक्ताबरोबर जंतूही जातो. डॉक्टरने न धुतलेल्या सुईने एकापाठोपाठ एक दोघांना टोचावे, तसा हा प्रकार. म्हणूनच उत्तर आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत आणि दक्षिण अमेरिकेतही सर्रा आहे.

तेव्हा विदर्भातल्या गावात जनावरांमध्ये सर्रा असणे, गोमाशा असणे आणि त्या माणसांना चावणे, यात नवे काही नव्हते. नवा होता तो हा एक माणूस.

काचेवर भलतेच काही दिसले की ते नमुन्यातली भेसळ म्हणून सोडून देणे फार सोपे असते. मेडिसिन विभागातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्याबरोबरचे शेगोकर, पोवार, काट्टी, सालकर, दाणी, भार्गव यांनी ते सोडले नाही, हे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल. रक्त पुन्हा पुन्हा तपासले गेले. तापाच्या प्रत्येक चढाबरोबर जंतूंची संख्या वाढलेली आढळली, उतरला की कमी झालेली. पाच महिने ही भरती-ओहोटी चालली. जागतिक आरोग्य संघटनेचे जाँ जान्नँ आणि फ्रान्सच्या विकास संशोधन संस्थेचे फिलिप त्रुक व स्तेफान एर्दे या कामात सामील झाले. जंतूचे रूप, रक्तातली प्रतिद्रव्ये, जंतूचा डीएनए, तिन्ही वाटांनी एकच नाव आले. संघटनेच्या साप्ताहिक साथरोग वृत्तपत्रात २००५ च्या सुरुवातीला जगाला कळवण्यात आले की सर्ऱ्याच्या जंतूने माणसाला आजारी पाडल्याची पहिली खात्रीची नोंद महाराष्ट्रात झाली आहे. सविस्तर निबंध त्याच वर्षी अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात आला. बाधित जनावराचे रक्त या माणसाच्या शरीरात गेले असावे, असा निष्कर्ष त्यात आहे. शेतकऱ्याच्या हातापायाला खरचटलेले नाही असा दिवस विरळा, हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

ताप चढतो-उतरतो का, याचे उत्तर या जंतूच्या अंगरख्यात आहे. त्याचे सारे अंग एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंनी झाकलेले असते. शरीराची संरक्षक फौज हा अंगरखा ओळखायला शिकते, त्यावर प्रतिद्रव्ये बनवते आणि जंतूंचा फडशा पाडते. ताप उतरतो. पण तेवढ्यात काही जंतूंनी अंगरखा बदललेला असतो. त्यांच्याकडे असे अंगरखे शिवण्याच्या जनुकांचा साठा हजाराच्या वर आहे. नवा अंगरखा घातलेले वाढतात, फौजेला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते, ताप चढतो. निद्रारोगावर आजवर लस निघालेली नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

नागपूरच्या डॉक्टरांपुढे आता दुसरा प्रश्न होता आणि तो घाईचा होता. जंतू मेंदूत गेला आहे का?

आफ्रिकेतला त्याचा नातेवाईक मेंदूत शिरला की झोप बिघडते. निद्रारोग या नावाने मात्र एक गैरसमज पसरला आहे. रोगी सारखा झोपतो, असे वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडात या रोगाने दोन लाखांहून अधिक माणसे मेली, तेव्हा सरोवरकाठच्या गावांत भरदिवसा घास हातात धरून झोपी जाणारी माणसे पाहून ते नाव रुळले. पण अॅलँ ब्युगे या फ्रेंच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या रुग्णांच्या डोक्याला तारा लावून अहोरात्र मेंदूच्या लहरी टिपल्या, तेव्हा निराळेच निघाले. चोवीस तासांत रुग्ण एकंदर झोपतो जवळजवळ तेवढेच, जेवढे निरोगी माणूस झोपतो. बिघडते ते वेळापत्रक. झोपेचे तुकडे होऊन दिवसभर आणि रात्रभर विखुरतात. रात्री तो टक्क जागा असतो आणि दुपारी बोलता बोलता मान टाकतो. शिवाय झोपेचा क्रम उलटतो. निरोगी माणूस आधी गाढ झोपेत उतरतो आणि तासा-दीड तासाने स्वप्नांची झोप येते, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात. निद्रारोग्याचा डोळा लागताच तो थेट स्वप्नांच्या झोपेत शिरतो. उपचाराने जंतू गेला की हा क्रम हळूहळू पूर्ववत होतो, म्हणून झोपेचा आलेख हीच बरे होण्याची एक खूण ठरली.

निद्रारोगाचा जंतू हे करतो कसे, हा परजीवीशास्त्र आणि मेंदूशास्त्र यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे, आणि अशा सीमेवर घर करणारे संशोधक फार नसतात. इटलीतल्या वेरोना विद्यापीठातल्या मारिना बेंतिवोल्यो मूळच्या मेंदूतल्या मज्जातंतूंच्या वाटा शोधणाऱ्या. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले क्रिस्टर क्रिस्टेन्सन मज्जासंस्थेच्या जंतुसंसर्गाचे अभ्यासक. दोघांनी मिळून वर्षानुवर्षे उंदीर-घुशींमध्ये या जंतूचा मेंदूतला प्रवास तपासला. मेंदूभोवती रक्तातल्या नको त्या गोष्टी अडवणारी एक भिंत असते, पण काही जागी ती मुळातच विरळ आहे. मेंदूतले पाणी जिथे तयार होते त्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात आणि अशाच काही उघड्या जागांत जंतू लवकर पोहोचतो. पुढे तो आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्या शरीराच्या पेशी मिळून जी रसायने सोडतात, ती झोप-जागेपणाचे घड्याळ सांभाळणाऱ्या केंद्रांना भिडतात. २०१८ मध्ये फिलिपा रिजो-फेरेरा, जोसेफ ताकाहाशी आणि लुइसा फिगेरेदो यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले की जंतूमुळे शरीराचे घड्याळच वेगाने पळू लागते. हे घड्याळ मेंदूपुरते नाही, अंगातल्या इतर पेशींमधलेही पळते. निद्रारोग हा मुळात दिनचक्राचा रोग आहे, असे त्यांचे म्हणणे. वर्षभर आधी याच संशोधकांना जंतूच्याही अंगी एक घड्याळ सापडले होते. एककोशीय जीव, पण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्याचे वागणे बदलते, इतके की सुरामिन हे औषध त्याला कधी जास्त लागू पडते तर कधी कमी.

सुरामिनचे नाव इथे आले ते बरे झाले, कारण नागपूरची निवड त्यावरच येऊन ठेपली होती. जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९१६ च्या सुमारास तयार झालेले हे औषध कापडाच्या रंगांवरच्या प्रयोगांतून जन्मले. जंतूला चिकटणारा रंग त्याला मारूही शकेल, हा पॉल एर्लिख यांचा विचार त्यामागे होता. औषध प्रभावी, शिरेतून द्यायचे. आधी छोटी मात्रा देऊन माणूस ती सोसतो का बघायचे, मग आठवड्याला एक अशी इंजेक्शने. मात्र त्याची एक मर्यादा आहे. मेंदूभोवतीची ती भिंत सुरामिनला ओलांडता येत नाही. जंतू मेंदूत शिरला असेल तर सुरामिन रक्त धुऊन काढेल आणि मेंदूतला जंतू सुखात राहील. त्या अवस्थेत तेव्हा हाताशी असलेल्या औषधांपैकी एक सोमलयुक्त होते, जे घेणाऱ्या दर वीस जणांपैकी सुमारे एकाचा औषधानेच बळी जाई. आफ्रिकेत म्हणूनच तेव्हा औषध ठरवण्याआधी पाठीतले पाणी काढून त्यात जंतू किंवा वाढलेल्या पांढऱ्या पेशी आहेत का ते बघत. खेड्यातल्या रुग्णाला पाठीत सुई म्हटली की धडकी भरते, मग ते खेडे कांगोतले असो की चिमूरकडचे. पण या रोगात सगळे त्या पाण्यावर अवलंबून असे.

चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या मेंदूपर्यंत जंतू पोहोचल्याची खूण मिळाली नाही. सुरामिन देता आले. ताप गेला, रक्तातले जंतू गेले, माणूस घरी गेला. सर्ऱ्यावर माणसाला सुरामिन देऊन बरे केल्याची ही जगातली पहिली नोंद, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

इथे थांबले असते तरी एका रुग्णालयासाठी ही मोठी कामगिरी होती. पण दोन प्रश्न शिल्लक होते आणि दोन्ही जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धसास लावले.

पहिला प्रश्न असा, की हा एकटाच का? ते सगळे गावच तपासायला निघाले. १,८०६ माणसांचे रक्त घेतले गेले. पांढऱ्या कार्डावर रक्ताचा थेंब, त्यात जंतूपासून बनवलेले निळसर द्रावण, आणि कार्ड काही मिनिटे हलवत राहायचे. रक्तात प्रतिद्रव्ये असतील तर निळ्या कणांच्या गुठळ्या डोळ्यांना दिसतात. ४१० जणांच्या रक्तात त्या दिसल्या, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. नंतर रक्तातला द्रव वेगळा काढून पुन्हा तपासल्यावर ८१ उरले. त्यांपैकी ज्यांचा निकाल सर्वांत ठळक होता अशा ६० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष जंतू शोधला. एकाच्याही रक्तात तो मिळाला नाही. याचा सरळ अर्थ, जंतू गावातल्या माणसांच्या शरीरात वरचेवर शिरत असावा आणि प्रत्येक वेळी मारला जात असावा. गावातल्या कित्येक माणसांना ज्याचा पत्ताही लागला नाही, त्याच जंतूने एकाला महिनोन्‌महिने खाटेवर पाडले. आकड्यांची ही गोष्ट नीट वाचली की या संशोधनातला सगळ्यात रंजक भाग इथून सुरू होतो हे कळते.

दुसरा प्रश्न मग आपोआप समोर आला. इतरांच्या रक्तात असे काय आहे, जे याच्या रक्तात नाही?

माणसाचे रक्त जनावरांच्या ट्रिपॅनोसोमाला मारते, हे हिवतापाचा जंतू शोधणाऱ्या अल्फोन्स लाव्हराँ यांनी १९०२ मध्येच पाहिले होते. माणसाच्या रक्तातला द्रव टोचला की बाधित उंदरांच्या रक्तातले जंतू नाहीसे होत. मारणारे द्रव्य कोणते ते कळायला मात्र शंभर वर्षे गेली. ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठातल्या एतियेन पेज यांच्या गटाने २००३ मध्ये त्याचे नाव निश्चित केले. एपोएल-१. हे प्रथिन आपल्या रक्तात, ज्याला बोलीत चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात त्या कणांवर बसलेले असते. जंतूला हे कण हवे असतात, तो ते गिळतो. गळाला लावलेल्या आमिषासारखे प्रथिन आत जाते, जंतूच्या पचनाच्या पिशवीत पोहोचते, तिथल्या आम्लात त्याचे रूप बदलते आणि ते पिशवीच्या भिंतीला भोके पाडते. जंतू फुगतो आणि फुटतो. हे हत्यार माणसाकडे, गोरिलाकडे आणि बबून माकडांकडे आहे. गाईकडे नाही, घोड्याकडे नाही, वाघाकडेही नाही.

नागपूरहून शेतकऱ्याच्या रक्ताचा नमुना ब्रसेल्सला गेला. परीक्षानळीत त्या रक्तद्रवात सर्ऱ्याचे जंतू सोडले. ते मेले नाहीत. वळवळत राहिले. त्या द्रवात एपोएल-१ मुळी नव्हतेच. प्रयोगशाळेत बनवलेले एपोएल-१ त्यात घातल्याबरोबर तो जंतू मारू लागला. मग जनुक वाचला गेला. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, आणि बिघाडाचा प्रकार असा की वाचनच सरकते. जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. ‘रमण बदक पकड’ या वाक्यातला ‘म’ काढून टाका आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे तोडा, ‘रणब दकप कड’ उरते. एका अक्षराच्या फरकाने पुढचे सगळे निरर्थक होते. पेशी तसे प्रथिन बनवू शकत नाही.

२८ डिसेंबर २००६ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा निबंध आला. लेखकांत ब्रसेल्सच्या मंडळींबरोबर जोशी आणि काट्टी यांची नावे आहेत. त्यानंतर महिन्याच्या आत, जानेवारी २००७ मध्ये, जोशींचे नाव अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातही पहिले लेखक म्हणून झळकले, ते अगदी वेगळ्या विषयावर. दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षी, असे त्या पाहणीत दिसले. परजीवी आणि हृदय असे दोन टोकांचे विषय एकाच डॉक्टरच्या टेबलावर असणे सरकारी रुग्णालयात मुळीच नवलाचे नाही. तिथे रुग्ण विषय निवडून येत नाहीत.

एपोएल-१ ची उणीव हेच माणसाला झालेल्या सर्ऱ्याचे पुरेसे स्पष्टीकरण आहे, असे काही काळ वाटले. २०१६ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या एका नोंदीने त्यात गुंता केला. तिथल्या एका बाईला सर्ऱ्याच्या जंतूने गाठले, मांस कापताना झालेल्या जखमेतून तो शिरला असावा, आणि तिच्या एपोएल-१ मध्ये काहीही दोष नव्हता. तीही सुरामिनने बरी झाली. म्हणजे हत्यार शाबूत असलेल्या माणसालाही हा जंतू क्वचित भारी पडू शकतो. ही गोष्ट आरोग्य खात्यांनी आणि पशुसंवर्धन खात्यांनी एकत्र बसून लक्षात ठेवायला हवी. खाटीक, गुराखी, जनावरांची प्रसूती करणारे, कातडी सोलणारे यांच्यात न कळलेला, लांबलेला ताप आढळला तर काच पेशींच्या बाहेरही बघावी लागेल.

या कथेला नंतर एक अनपेक्षित फाटा फुटला. २०१० मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले की आफ्रिकी वंशाच्या लोकांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण जास्त का, याचे मोठे कारण एपोएल-१ च्या दोन विशिष्ट रूपांत आहे. ही रूपे आफ्रिकेत निद्रारोगाच्या जंतूला अधिक चांगले मारतात, म्हणून टिकली. पण आई-वडील दोघांकडूनही आली तर मूत्रपिंडातल्या गाळण्या खराब होण्याचा धोका वाढवतात. आता प्रश्न पडला, हे नुकसान प्रथिन नीट काम करत नाही म्हणून होते, की ते नको ते काम करते म्हणून? पहिले खरे असेल तर ज्याच्यात प्रथिन मुळीच नाही त्याची मूत्रपिंडे सर्वांत आधी खराब व्हायला हवीत. उंदरांवर हे सहज तपासता येत नाही, उंदराला हे जनुकच नसते. जगात असा एकच माणूस माहीत होता. तो चंद्रपूर जिल्ह्यात शेती करत होता.

संशोधक पुन्हा त्या गावात गेले. यात अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ होते आणि नागपूरचे शेगोकरही. त्या शेतकऱ्याचे आणि नात्यागोत्यातल्या ५० गावकऱ्यांचे रक्त घेतले, लघवीचे नमुने घेतले, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. काही नातेवाइकांमध्येही त्या बिघडलेल्या जनुकाची एखादी प्रत निघाली. २०१२ मध्ये निकाल छापला गेला. शेतकऱ्याची मूत्रपिंडे ठीक होती. नातेवाइकांचीही.

एका माणसाच्या आधारे नियम बांधता येत नाही, हे त्या निबंधाच्या लेखकांनीच नमूद केले. पण औषध शोधणाऱ्यांना एवढे पुरेसे मोलाचे होते. एपोएल-१ शिवाय माणूस चांगला जगू शकत असेल, तर ते प्रथिन औषधाने रोखण्याचा विचार करता येतो. २०२३ मध्ये इनॅक्साप्लिन या गोळीचा पहिला छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. एपोएल-१ च्या दोन्ही प्रतींत ती घातक रूपे असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये १३ आठवड्यांत लघवीतून वाहून जाणारे प्रथिन सरासरी ४८ टक्क्यांच्या आसपास घटले. मोठे प्रयोगही सुरू झाले. ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तातले ते जुने हत्यार तेवढा काळ बोथट होते, म्हणून त्सेत्से माशीच्या प्रदेशात ती देताना डॉक्टरांना निद्रारोगाचा विचार करावा लागेल.

निद्रारोग स्वतः आता बराच आटोक्यात आला आहे. २०१८ पासून जगभरात वर्षाला हजारापेक्षा कमी रुग्ण नोंदवले जातात, आणि पाठीत सुई किंवा शिरेत इंजेक्शन न लागता अनेक रुग्णांना पोटात घेण्याच्या गोळ्यांनी बरे करता येते. सर्ऱ्याचे तसे नाही. पावसाळा लागला की चंद्रपूरच्या गोठ्यांत संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला जातो, गोमाशा थोड्या हटतात, म्हशी शेपट्या हलवत उभ्या राहतात आणि त्यांच्या पायांशी बसून कोणीतरी धार काढत असते.